दाऊदनं क्लच जाळला नव्हता

दाऊद गेल्याची बातमी मला दुबईच्या कस्टमच्या धक्क्यावर कळली. मुंबईची बोट इथं बाहेर खोल समुद्रात नांगरते आणि माणसं नि माल पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, खाडीत येतो. आमच्या वर्कशॉपचे काही सुटे भाग यायचे होते, म्हणून मी उन्हात उभा होतो. पडावातून उतरणाऱ्यांत आमच्या रत्नागिरीकडचा, खाडीपलीकडच्या गावचा एक माणूस दिसला. खांद्यावर वळकटी, हातात आमसुलांची पुडकी. त्यातलं एक त्यानं मला दिलं, घरची खुशाली सांगितली, आंब्याला यंदा फळ बरं आहे म्हणाला, आणि मग अगदी सहज, "दाऊदभायचं तुम्हाला कळलंच असेल. चाळिसावा पण झाला." मी "हो" म्हणालो. मला काहीही कळलेलं नव्हतं. पण दाऊदचा जिवलग म्हणून अख्खा धक्का ज्याला ओळखायचा, त्यालाच ही बातमी सगळ्यांत शेवटी कळावी, हे त्या माणसासमोर कबूल करायला जीभ रेटली नाही... माझी जीभ अशीच आहे. नको तिथं पटकन हो म्हणते, आणि हवं तिथं उचलत नाही. या लेखात मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, फक्त ते सांगायला मी फार वर्षं लावली.

दाऊद आणि मी एकाच अरबाबाकडे कामाला होतो. अरबाब म्हणजे मालक. दुबईतल्या देऱ्याला खाडीजवळ त्याची वखार होती आणि वखारीमागे आमचं वर्कशॉप, म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली तेलानं काळी झालेली वाळू. मी मुंबईला एका कारखान्यात काम शिकून आलो होतो, थोडं इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून मला मिस्त्री म्हणत. दाऊद ड्रायव्हर. उंच, केसांना भरपूर तेल, आणि आवाज असा की खाडीच्या या तीरावरून बोलला तर बर दुबईच्या तीरावर ऐकू जावं. स्वतःची तारीफ स्वतः करण्यात त्याला कधी लाज वाटली नाही. "यूसुफ, माझ्यासारखा पाय या मुलखात दुसरा नाही," असं तो जेवताना, कपडे धुताना, नमाजाला जाताना, कधीही म्हणायचा. मी हसायचो, उत्तर देत नसे. त्यावर त्याचं ठरलेलं होतं, "तुझ्या तोंडाला पण क्लच आहे बघ. आणि तू तो कायम दाबून धरलायस. इंजिन आत चालू, गाडी जागच्या जागी."

ही या साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा इथं आपलाच रुपया चालायचा आणि रस्ता नावाची वस्तू नव्हती. अबुधाबीला जायचं तर ओहोटी बघून किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून गाडी घालायची. आत, दक्षिणेला, तेल शोधणाऱ्या कंपन्यांचे तळ होते. तिथं पाणी, सिमेंट, लोखंडी नळ पोचवायचे म्हणजे वाळूच्या टेकड्या ओलांडायच्या. ही वाळू आपल्या किनाऱ्यावरच्यासारखी नव्हे. चाळलेल्या पिठासारखी. चाक तिच्यात फिरत नाही, बुडतं. अशा वेळी गाडीचा जीव क्लचमध्ये असतो. ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन फिरत असतं, ते चाकांना जोडायचं तर मधे एक तबकडी, म्हणजे प्लेट, दोन लोखंडी तोंडांमध्ये स्प्रिंगांच्या जोरानं घट्ट दाबली जाते. पाय पेडलवर दाबला की पकड सुटते, पाय काढला की बसते. खोल वाळूत चाक अडतं, इंजिन ओढत राहतं, आणि पकड कमी पडली तर ती तबकडी आतल्या आत घासत राहते. मग केस जळल्यासारखा वास येतो. तो वास आला की समजायचं, आता गाडी जागची हलत नाही, आणि जवळचं पाणी मोजून प्यायचं. वाळवंटात ड्रायव्हरची अब्रू त्या वासावर असते. काही ड्रायव्हरांना सवय असते, पाय पेडलवर नुसता ठेवून चालवायची. दाबायचा नाही, उचलायचाही नाही. त्यानं पकड अर्धी सुटते नि प्लेट जळते. "त्यानं पाय ठेवला," यापेक्षा मोठी शिवी आमच्या धंद्यात नव्हती.

आमच्या लॉऱ्या त्या टेकड्यांवर हमखास अडकायच्या. मग आम्ही दोघांनी एक उन्हाळाभर त्या क्लचचा पिच्छा पुरवला. मोडीत काढलेल्या एका मोठ्या ट्रकच्या जाड स्प्रिंगा मी काढून आणल्या, एकेक दाबून पाहून सारख्या जोराच्या तेवढ्या निवडल्या, आणि आमच्या लॉरीला बसवल्या. पकड जबरदस्त झाली, पण पेडल असं जड की दाऊदचा गुडघा दुखून यायचा. मग थोडं कमी केलं, पुन्हा वाढवलं. स्प्रिंगा जमल्या तेव्हा पेडलची चाल जमवायची राहिली. पेडल दाबताना सुरुवातीला थोडं अंतर ते रिकामंच जायला हवं, कशालाही न भिडता. दाऊद म्हणायचा, "तिला श्वासापुरती जागा ठेव." ही जागा फार झाली तर गिअर कुरकुरतात, अजिबात नसली तर पकड कधीच पूर्ण बसत नाही, जणू कुणी कायम पाय ठेवलाय. मी पाना घेऊन लॉरीखाली उताणा, दाऊद वर, अनवाणी. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्य नसे. तो टाचेनं पायाखालच्या फळीवर एकदा ठोकायचा, मी नट आवळायचो. दोनदा ठोकलं की सैल. तासन्‌तास आम्ही असं बोललो आहोत. माझ्यासारख्या घुम्या माणसाला आयुष्यात कुणाशी इतकं मोकळं बोलणं जमलं असेल, तर ते त्या फळीतून.

एक गोष्ट मात्र नटानं सुटत नव्हती. नवी प्लेट घातली की पहिल्याच मोठ्या चढावर ती थोडी झिजून बसते आणि पेडलची ती रिकामी चाल संपून जाते. त्यामुळे पहिली टेकडी ओलांडली की थांबायचं, कुणीतरी खाली जायचं, नट एक-दोन फेरे सैल करायचा, मग पुढं. यावर दाऊदनं आपल्या किनाऱ्यावरचा नियम लावला. आमच्याकडे नव्या होडीच्या फटी जो बुजवतो, त्यानं पहिल्या फेरीला त्या होडीत बसायचं असतं. पाणी आलं तर त्याच्याही नाकात जायला हवं. "ज्यानं क्लच बसवला, तो पहिल्या फेरीला गाडीत," दाऊदनं जाहीर केलं. मी कधी चुकलो नाही. त्याच्या शेजारी बसायचो, पहिल्या टेकडीपलीकडे उतरायचो, वाळूत पाठ टेकायचो, वरून टाच ऐकायचो.

मग ती चाचणी ठरली. एका तेल कंपनीला आतल्या तळावर वर्षभर माल पोचवणारा माणूस हवा होता. अरबाबानं कंपनीच्या साहेबाला सांगितलं होतं, माझी लॉरी भरल्या मालानिशी टेकड्या चढते, डोळ्यांनी बघा. दाऊदनं आधीच सगळ्या बाजारात सांगून ठेवलं होतं की काम आपलंच. हे काम मिळालं तर अरबाब आम्हा दोघांना वेगळं वर्कशॉप काढून देणार होता, दाऊद आणि यूसुफ, दोघांच्या नावाचं. दाऊदनं पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता. हिरवा. जुनी प्लेट झिजली होती म्हणून आदल्या दिवशी आम्ही नवी घातली. काम संपल्यावर हात पुसताना तो म्हणाला, "उद्या पाना विसरू नको. साहेब असला तरी टेकडी तीच आहे."

सकाळी मी पांढरा सदरा घालून आलो. अरबाब म्हणाला, "यूसुफ, तू आमच्याबरोबर लँडरोव्हरमध्ये बस. साहेब विचारेल ते इंग्रजीत सांगायला कुणी हवं." मी बसलो. दाऊद लॉरीवरून बघत होता. "अरे मिस्त्री, खाली कोण झोपणार? हा सदरा?" तो ओरडला, आणि सगळे हसले, साहेबसुद्धा, काही न कळता. मला ते आवडलं नाही. मी हातानंच त्याला चल म्हणून सांगितलं.

पहिली टेकडी लॉरी अशी चढली की साहेबानं टोपी मागे सारली. पलीकडच्या सपाटीवर दाऊदनं गाडी थांबवली. त्याला पायाखाली कळलं होतं, चाल संपली आहे. दार उघडून तो पायरीवर उभा राहिला, माझ्याकडे बघून पाना उंच केला. साहेबानं विचारलं, का थांबला? बिघाड आहे का? मी नाही म्हणालो. आता उतरावं, शंभर पावलं चालावं, पांढऱ्या सदऱ्यानिशी वाळूत उताणं व्हावं, आणि साहेबाला दिसावं की या लॉरीला दर टेकडीला मिस्त्री लागतो... मी उतरलो नाही. खिडकीतून हात काढला आणि पुढं जायची खूण केली. दाऊद तसाच उभा राहिला. त्यानं पुन्हा पाना दाखवला. अरबाब "यल्ला!", म्हणजे चला, असं ओरडला आणि मी पुन्हा हात हलवला. तो स्वतः खाली जाऊ शकला असता, असं कुणी म्हणेल. मीही मनात अनेकदा म्हणून पाहिलं आहे. पण बरोबरच्या क्लीनरला पेडलचं काही कळत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे क्लच मी बसवला होता आणि मीच जा म्हणत होतो. माझ्या कामावर माझ्यापेक्षा त्याचा भरवसा जास्त होता. त्यानं पाना आत टाकला, दार ओढलं.

दुसऱ्या टेकडीच्या निम्म्यावर लॉरीचा आवाज चढला आणि वेग उतरला. मग खालून करडा धूर आला आणि वाऱ्यानं तो वास आमच्यापर्यंत आणला. चाकं रुतली. साहेबानं नाक मुरडून एकच शब्द उच्चारला, "क्लच." अरबाबानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ड्रायव्हरनं पाय ठेवला."

इंग्रजीत म्हणालो, आणि अरबाबासाठी पुन्हा अरबीत म्हणालो. दोन भाषांत खोटं बोललो. आपल्या भाषेत बोलायची वेळ आली नाही, कारण दाऊद तोवर वाळूतून चालत आमच्याजवळ पोचला होता आणि त्याला अरबी चांगलं येत होतं.

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस... मला वाटलं होतं आता तो सगळ्यांसमोर मला फाडून खाईल, आणि खरं सांगतो, त्यानं ते करावं असं मला वाटत होतं. त्यानं फक्त माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जळलेली प्लेट काढताना आम्ही दोघंच होतो. त्यानं विचारलं, "यूसुफ, मी पाय ठेवला होता?" कामाबद्दल विचारावं तसं, साधं. त्याला एवढंच हवं होतं की मी नाही म्हणावं. तिथं ऐकणारंही कुणी नव्हतं. मी बोल्ट सोडवत राहिलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बरं," आणि त्यानं तो बोल्ट दुसऱ्या बाजूनं धरला, मला सोपं जावं म्हणून.

देऱ्याच्या चहाच्या दुकानात ड्रायव्हरांनी त्याला नवं नाव दिलं. कबाब. "आओ कबाबभाई, आज क्या भूना?" सुरुवातीला त्यानंही हसून घेतलं, "तुम्हारे लिए नहीं बचा, हबीबी." पण वाळूची गाडी त्याला पुन्हा कुणी दिली नाही. अरबाबानं त्याला वखारीत गोण्या मोजायला बसवलं. ते काम त्याला जमण्यासारखं नव्हतं. मग तो अबुधाबीला जाऊन पाण्याचा टँकर चालवू लागला, तोही वस्तीतल्या वस्तीत. मी त्याच दुकानात त्याच बाकावर चहा पीत असे. एकदा एका बलुची ड्रायव्हरनं मला विचारलं, "मिस्त्री, तेरा दोस्त ऐसा कच्चा कैसे निकला?" मी म्हणालो, "होता है." तेल कंपनीचं काम पुढच्याच चाचणीत अरबाबाला मिळालं. तीच लॉरी, तोच क्लच, नवी प्लेट, दुसरा ड्रायव्हर. त्या फेरीला मी गाडीत बसलो होतो, पहिल्या टेकडीपलीकडे उतरलो होतो. वर्कशॉप निघालं. पाटीवर एकच नाव आलं.

काही वर्षांनी तो कायमचा घरी निघाला तेव्हा मी धक्क्यावर गेलो. एक थर्मास घेऊन गेलो होतो, काहीतरी न्यावं म्हणून. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, "चहा गरम राहतो का रे यात, की तोही तुझ्यासारखा थंड?" म्हणाला. किती दिवसांनी तो माझी थट्टा करत होता. मी म्हणालो, "दाऊद, त्या दिवशी..." तो म्हणाला, "बोल." आणि थांबला. पडाववाला हाका मारत होता, लोक त्याच्या ट्रंकेला ठेचाळत होते, तरी तो तिथं उभा राहिला, मान जरा खाली करून, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "पोचलास की कळव." त्यानं मान हलवली. "इन्शाल्ला," म्हणाला. पडाव सुटल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र बोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो, जसं काही त्यानं फरक पडणार होता.

आमसुलांचं ते पुडकं हातात आल्यावर मी मिळाली त्या बोटीनं रजेवर आलो. घरी एक रात्र काढून दुपारी होडीनं खाडी ओलांडली आणि दाऊदच्या घरी गेलो. त्याची बायको हलीमाभाभी पडवीत आमसुलं वाळत घालत होती. दाऊदचे म्हातारे वडील बाकड्यावर बसले होते. भाभीनं पाणी दिलं. छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले, बोलायलासुद्धा वेळ मिळाला नाही, असं सांगितलं. मग मी ते सांगितलं. नीट सांगितलं, काही न लपवता, टेकडी, पाना, सदरा, दोन्ही भाषा. ती हात तसाच ताटावर ठेवून ऐकत होती.

"म्हणजे त्यांनी गाडी जाळली नव्हती?"

"नाही भाभी. माझ्यामुळे जळली."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. खोटं कशाला, जाऊ दे म्हणेल याच आशेनं मी गेलो होतो. ती म्हणाली, "यूसुफभाय, इतकी वर्षं घरात काही कमी पडलं की मी त्यांना ऐकवायचे. गाडी जाळून आलात म्हणून ही पाळी आली. माझ्या भावांसमोर ऐकवलंय. ते नुसते हसायचे. एकदा म्हणाले, गाडी मोठी होती गं, थोडा धूर होणारच..." तिनं ताट बाजूला सारलं. "आता तुम्ही मला सांगून मोकळे झालात. मी कुणाला सांगू?"

कबुली ही देणाऱ्याची सोय असते, घेणाऱ्याला ती बाळगावी लागते, हे मला दुबईपासून तिथवर येताना एकदाही सुचलं नव्हतं.

ती उठली. "मला तुमचा क्लच कळत नाही. अब्बांना सांगा. गावानं त्यांना कमी ऐकवलेलं नाही."

म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसू लागलो तसं त्यांनी हातानं डावीकडे यायची खूण केली. डाव्या बाजूला बाकड्यावर एका माणसापुरती जागा होती आणि तिच्यावर एक घडी केलेला पंचा ठेवला होता. तो त्यांनी उचलून मांडीवर घेतला. मी बसलो.

"चाचा, दुबईची गाडी दाऊदनं जाळली नव्हती. चूक माझी होती."

"काय?"

मी आवाज चढवला. बांधापलीकडे जाळं शिवणारा माणूस वर बघू लागला.

"कुणी जाळली नव्हती?"

"दाऊदनं. दाऊदनं जाळली नव्हती, चाचा."

"मग कुणी?"

"मी." आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं बोललो नसेन. मासे घेऊन चाललेल्या दोन बायका वाटेवर थांबल्या होत्या. शेजारच्या घरातून कुणी दारात आलं होतं. "मी, यूसुफनं. आणि नाव त्याचं घेतलं."

म्हातारे समोर वाटेकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "पुन्हा सांग," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. जाळंवाला उठून बांधाला टेकला. माझा घसा बसला तेव्हा म्हाताऱ्यांनी मान हलवली. माफ केलं, असं काही ते म्हणाले नाहीत. बस, जेव, असंही नाही. मी उठलो.

भाभी होडीपर्यंत नाही, पण कुंपणापर्यंत आली. म्हणाली, "अब्बांना डाव्या कानानं चांगलं ऐकू येतं. आमचे हे रोज संध्याकाळी तिथं बसून त्यांना दिवसभराचं सांगायचे, हळू आवाजात. तुमचं बोलणं त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं."

मी वळून पाहिलं. वाटेवरची माणसं अजून तिथंच होती, आपसांत बोलत. म्हाताऱ्यांनी मांडीवरचा पंचा घेतला होता आणि मी बसलो होतो त्या जागेवर, आपल्या डाव्या हाताला, ते तो दोन्ही हातांनी सुरकुत्या काढत अंथरत होते.